मानसीची फाइल, पद्मजाची फाइल

निम्मे वाल सोलून झाले होते. उरलेले पातेल्यात तसेच टाकून पद्मजा हात पुसत लॅपटॉपकडे धावली. चारकोपच्या त्या घरात वायफाय नीट येई ते फक्त देवघराजवळ, म्हणून तिचं टेबलही तिथेच.

मुलाच्या, निहारच्या, जन्मानंतर सुटलेली नोकरी आता कुठे परत हाताशी आली होती. अंधेरीच्या लहानशा कंपनीतले सुबोध सर म्हणाले होते, "दवाखान्याचं ॲप तुमच्या सेटिंगवर चालू करून दाखवा. आज जमलं, तर सोमवारपासून तुम्ही पक्क्या."

सर्व्हर सुरू होताना एक फाइल वाचतो. माहिती कुठून घ्यायची, ते त्याला तीच सांगते. कंपनीची नेहमीची फाइल बाजूला ठेवून पद्मजाने स्वतःची तयार केली होती. सर्व्हर सुरू व्हायचा, पण पडद्यावर यायची नेहमीच्या फाइलमधली, सरावासाठी घातलेली खोटी नावं. ती फाइल सुधारायची, सेव्ह करायची, सर्व्हर बंद करून परत चालू करायची. पुन्हा तीच नावं.

"वाट लागली!"

"देवासमोर असं बोलू नये गं," सासूबाई म्हणाल्या. राहिलेले वाल त्यांनी पुढ्यात ओढले होते. "चालू तर झालाय ना तो?"

"झालाय हो आई, पण माझं ऐकत नाही."

"म्हणजे तुझ्या नवऱ्यासारखाच."

तेवढ्यात बेल वाजली. दार सासूबाईंनीच उघडलं. "मानसी? चुकलात तुम्ही. इथे मानसी कोणी राहत नाही."

"आई, अहो, मीच ती! कंपनीचं पार्सल असेल."

"घ्या!" पार्सल आत घेत सासूबाई म्हणाल्या. "लग्नात तांदळात नाव लिहून पद्मजा केली हिला, आणि ही अजून मानसीच!"

"डिग्रीवर तेच नाव आहे ना, म्हणून कंपनीत..."

पद्मजा मध्येच थांबली. पहिल्या दिवशी नेहमीच्या फाइलची नक्कल तिने कंपनीतल्या नावाने ठेवली होती, मानसी. पुढे घरी बसून सगळे बदल केले ते पद्मजा नावाच्या दुसऱ्या फाइलमध्ये. आणि सर्व्हर सुरू करताना नाव द्यायची मानसीचं! तो बिचारा सांगितलेलीच फाइल वाचत होता.

तिने सर्व्हर सुरू करायच्या कमांडमधलं मानसी खोडून पद्मजा लिहिलं, समईकडे बघून हात जोडले आणि एंटर दाबलं. पडद्यावर दवाखान्यातल्या डॉक्टरांची नावं आली, त्यांच्या वेळांसकट.

"झकास!" फोनवर सुबोध सर म्हणाले. "नेमणुकीचं पत्र करायला सांगतो. फाइलवर पद्मजा दिसतंय, नाव काय घालू?"

पद्मजाने सासूबाईंकडे पाहिलं.

"मानसी घालू दे," त्या सालं गोळा करत म्हणाल्या. "मी हाक मारायची तीच मारणार."

तिला हसू आलं. सरांना तसं सांगून तिने फोन ठेवला, चप्पल घातली आणि सासूबाईंचे डोळ्यांत घालायचे थेंब आणायला ती केमिस्टकडे निघाली.