नायकाची नात राजदूत होते

शिला खरंच राजीनामा पाठवणार का? रविवारी सकाळी फोन ठेवल्यापासून पारुबाईंच्या मनातून हा एक विचार काही केल्या हलेना. चहात साखर दोनदा पडली. तुरीच्या शेंगा सोलायला घेतल्या, तर दाणे अंगणात आणि टरफलं टोपल्यात अशी गत.

फोन शिलाचा होता, समुद्रापलीकडून. तिथं शनिवारची रात्र, इथं रविवारची सकाळ. "याडी," ती आईला म्हणाली, "पत्र लिहून ठेवलंय. सोमवारी दिल्लीला पाठवते. मला हे काम जमत न्हाई." जिच्यापुढे नावाजलेले वकील घसा साफ करून मगच तोंड उघडायचे, ती पन्नाशीची बाई लहान लेकरासारखी अडखळत बोलत होती. आणि पारुबाईंनी विचारलं काय, तर "थंडी आहे का गं तिकडं?"

मग फोन कटला. पारुबाईंना स्वतःचाच राग आला. पण कामाचं सोडून थंडीचं विचारण्याला कारण होतं, आणि ते कारण सतरा वर्षांचं होतं.

डोंगरकडा गावाजवळच्या तांड्यावर पारुबाई आडे म्हणजे मास्तरीण. लग्न होऊन आल्या तेव्हा सातवी झालेल्या. सासरे रतनसिंग तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. ते म्हणाले, "सून शिकते म्हणते तर शिकू द्या." सुनेनं मॅट्रिक केलं, मास्तरकीचं शिक्षण घेतलं, नोकरी करता करता बी.ए.लाही बसली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाचा आणि शिलाच्या वकिलीच्या पहिल्या वर्षाचा निकाल एकाच आठवड्यात लागला. नवरा प्रेमसिंग पेढ्यांचा एकच पुडा घेऊन आले. "दोन पास आन् पुडा एक?" बायकोनं विचारलं. ते म्हणाले, "दुसरा मी वाटंत खाल्ला. घरात नापास मी एकटाच, मला काही दुःख हाय का न्हाई?"

शिला हिंगोलीच्या कोर्टात वकिली करायला लागली. काळा कोट पिशवीत घडी घालून एस.टी.नं जायची, उतरल्यावर अंगात घालायची. 'बाईला काय कळतं' म्हणणारे पक्षकार वर्षभरात तिच्यासाठी बाकावर जागा धरून बसू लागले. आणि नव्वद सालच्या शेवटी तो लिफाफा आला. जिल्हा न्यायाधीश! प्रेमसिंगांनी पत्र उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग तांड्यावरच्या घराघरात जाऊन वाचलं. संध्याकाळी डफ निघाला. बायांनी फेर धरला. ज्या बाया पारुबाईंना 'पोरीला कोर्टात धाडती, लग्न कोण करंल' म्हणून टोमणे मारायच्या, त्याच सगळ्यांत जोरात नाचल्या.

दुसऱ्या दिवशी शिलानं आईला समोर बसवलं. "याडी, आजपासून माझ्या कामाचं तू काही विचारायचं न्हाई. मी काही सांगणार न्हाई. तुझ्याकडं लोक येतील. तू ऐकूनसुद्धा घ्यायचं न्हाई."

"मी तुझी आई हाय का शेजारीण?"

"म्हणून तर. न्यायाधीशाच्या आईच्या तोंडून निघालेला शब्द न्यायाधीशाचा समजतात लोक."

आणि लोक आलेच. सहा महिन्यांत सेनगावहून पारुबाईंचे चुलतभाऊ संतराम तुपाचा डबा घेऊन उगवले. त्यांच्या मेव्हण्याचा खटला नेमका शिलाच्या कोर्टात होता.

"निस्तं पोरीच्या कानावर घाल, बाई. जास्त काही न्हाई."

"संतरामदादा, तूप चांगलं हाय का?"

"एकदम गावरान! घरच्या म्हशीचं!"

"मग घरी न्या. वहिनी वाळली किती. तिच्या भाकरीला लावा."

संतराम चार वर्षं बोलले नाहीत. पण तेव्हापासून तांड्यावर कळून चुकलं की मास्तरणीच्या दारातून वाट नाही. मायलेकींचं फोनवरचं बोलणं मात्र पार आटलं. पाऊस, पीक, थंडी, ताप. दर रविवारी पाच मिनिटं. नियम दोघींनी असा पाळला की नियमाशिवाय बोलायचं कसं, तेच विसरून गेल्या.

तरी एकदा पारुबाईंनी चोरून पाहिलं. सत्त्याण्णव साल असेल. त्या नुकत्याच सेवानिवृत्त होऊन शिलाकडे राहायला गेल्या होत्या. तिथं एका रविवारी लोकअदालत भरली होती. भांडणं तडजोडीनं मिटवायची, कज्जा वाढवायचा नाही, असा तो कार्यक्रम. पारुबाई डोक्यावरून पदर ओढून अगदी मागच्या बाकावर जाऊन बसल्या. पुढे दोघे भाऊ उभे होते. एकाच विहिरीवरून अकरा वर्षं भांडत होते.

थोरला सांगायला लागला, "बाईसाहेब, विहीर खोदली मी..."

शिलानं हात वर केला. "तुमचं मी कागदावर वाचलंय. तुमच्या भावाला काय तकलीफ आहे, ते तुम्ही सांगा."

"त्याला काय तकलीफ? त्याला वाटतं मी मरावं."

सगळे हसले. धाकटा चिडला. "असं मी कधी म्हणलं?"

"मग काय म्हणलास?" थोरल्यानं विचारलं.

"ते तुम्ही ओळखा," शिला म्हणाली. "ते 'बराबर' म्हणेपर्यंत मी पुढं जाणार नाही."

थोरल्यानं डोकं खाजवलं. "त्याचं म्हणणं... रात्रीची पाळी नेहमी त्यालाच येते. अंधारात पोरगं संगं न्यावं लागतं."

"आणि?"

"आन्... पोराला एकदा विंचू चावला. मी बघायला गेलो न्हाई."

धाकट्यानं डोक्यावरची टोपी काढली. मग म्हणाला, "बराबर."

मागच्या बाकावरून पारुबाई अर्धवट उठल्या. ओरडावंसं वाटलं, अहो, ही तर आमच्या नायकाची रीत! रतनसिंग नायक संत सेवालालाच्या मठापुढं नसाब भरवायचे. नसाब म्हणजे तांड्याचं न्यायाचं बसणं. त्यात ते फिर्यादीला त्याचं गाऱ्हाणं सांगूच द्यायचे नाहीत. "तुझं राहू दे. याचं दुखणं काय, ते तू सांग." समोरचा 'व्हय, बराबर' म्हणेपर्यंत दोन दोन संध्याकाळी जायच्या. पंच जांभया द्यायचे. नायक आपले घोंगडीवर बसून. शेवटी निकाल द्यायची वेळ क्वचितच यायची. आणि त्या घोंगडीच्या कोपऱ्यावर चार-पाच वर्षांची शिला बसलेली असायची. ती सहा वर्षांची असताना नायक गेले. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. ही रीत आपल्यात कुठून आली, तिला ठाऊकच नव्हतं.

त्या रात्री जेवताना पारुबाई बोलणार होत्या. ओठापर्यंत आलं होतं. पण काम म्हणजे काम आणि नियम म्हणजे नियम. "भाजी चांगली झाली," एवढंच म्हणाल्या.

पुढे दोन हजार दोनमध्ये शिला उच्च न्यायालयात गेली, तेव्हा अंबर दिव्याची गाडी तांड्यावर आली आणि केळीच्या पाण्यानं झालेल्या चिखलात रुतली. न्यायमूर्तींची गाडी अख्ख्या तांड्यानं ढकलली. आणि या वर्षी, सात सालच्या उन्हाळ्यात, सगळ्यांवर ताण करणारी बातमी आली. सरकारनं शिलाला राजदूत म्हणून पाठवायचं ठरवलं. न्यायासन सोडून ती समुद्रापारच्या एका बारक्या देशात जाणार! प्रेमसिंगांनी शाळेतून नकाशा आणवला. देश एवढा लहान की त्याचं नाव जमिनीवर मावेना म्हणून पाण्यात छापलेलं.

जाऊबाई रूपाबाई धावत आल्या. "वहिनी, पोरीला राजदूत केलं म्हणं. राजदूत म्हंजी ती फटफटी न्हाई का?"

"तीच," प्रेमसिंग गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "पेट्रोल टाकायचं दिल्लीनं, आन् चालवायची आपल्या पोरीनं."

किती हसले होते सगळे त्या दिवशी. आणि आज सहा महिन्यांनी हा फोन.

झालं होतं ते शिलानं आज पहिल्यांदाच सांगितलं, तेही तुटक तुटक. त्या देशात आपली माणसं दोन प्रकारची. एक, ज्यांचे पणजे-खापरपणजे उसाच्या मळ्यांवर कामाला नेले होते. दुसरे, अलीकडे व्यापाराला गेलेले. दोघांची मंडळं वेगळी, आणि एका सभागृहावरून भांडण. प्रजासत्ताक दिनाला दिल्लीहून पाहुणे यायचे होते, त्याआधी दोघांना एका मांडवात आणा, असा निरोप. शिलानं दोन्ही मंडळांना बोलावलं. कागद मागवले. दोन दिवस ऐकलं. आणि मग न्यायाधीशानं जे करायचं तेच केलं. अकरा पानांचा निकाल लिहून दोघांच्या हातात दिला! सभागृह जुन्यांचं, वापर दोघांचा. कायद्यानं एकदम बिनचूक. जुने म्हणाले, आमच्या घरात आम्हाला भाडेकरू केलं. नवे म्हणाले, आम्हाला आश्रित ठरवलं. आता दोघांपैकी कोणीही तिच्या दाराशी येत नाही. दिल्ली खुलासा मागते आहे.

"मी आयुष्यभर निकाल दिले, याडी. दुसरं मला काही येतच न्हाई." हे तिचं शेवटचं वाक्य.

दुपारी प्रेमसिंग शेतातून आले. बायकोच्या पुढ्यातली टरफलं बघून म्हणाले, "आज टरफलाचं वरण का, मास्तरीण?"

पारुबाईंनी सगळं सांगितलं. ते ओसरीवर टेकले. पागोटं मांडीवर ठेवलं. "येऊ दे घरी. काय कमी केलं तिनं?"

"घरी येऊन काय करंल? कोर्ट तर सोडून गेली. हेबी सोडलं, तर जन्मभर म्हणंल की मला जमलं न्हाई. आन् ते खोटं हाय!"

"काहून खोटं?"

"तिला येतं. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. आपल्या नायकआबांची रीत तिच्या अंगात हाय. त्या दोन मंडळांना बोलवायचं, आन् एकाला दुसऱ्याचं दुखणं सांगायला लावायचं. तिथं राजवाड्यासारखं घर, साहेबलोक, तर तिला वाटलं इथं कागदच पाहिजे. बस, एवढीच चूक."

"मग सकाळी फोनवर काहून न्हाई सांगितलं?"

"कामाचं बोलायचं न्हाई ना! न्यायाधीशाच्या आईनं..."

पारुबाई वाक्याच्या मध्येच थांबल्या. प्रेमसिंगांच्या मिशीखाली हळूहळू हसू फुटलं.

"मास्तरीण, आता ती न्यायाधीश हाय कुठं?"

खरंच की! सहा महिने झाले तो कोट उतरवून. इकडे संतराम नाहीत, खटला नाही, तूप नाही. राजदूताच्या आईनं बोलू नये, असं कोणी कधी म्हटलं होतं? पारुबाई अशा उठल्या की मांडीवरचं टोपलं कलंडलं. निकालाच्या दिवशी व्हायची तशी त्यांची घाई सुरू झाली.

घरच्या फोनवरून परदेशात लागत नव्हतं. त्यासाठी आखाडा बाळापूरचं बूथ गाठायला हवं होतं. पारुबाईंनी पेटीतून शिलाच्या नंबराची चिठ्ठी काढली, चष्मा घेतला, इस्त्रीचं लुगडं नेसल्या.

"अहो, पाचची जीप थांबवा. मागं लटकून जावं लागलं तरी चालंल."

"एवढं काय बोलणार हाय तिला?"

"तिच्या आजाची नसाब सांगणार. सगळी. घोंगडीवर ती कुठं बसायची, त्याच्यासकट. ते तिला कोणी सांगितलंच न्हाई, आन् तिला त्याच रीतीनं न्याय करताना बघितलेली घरात मी एकटीच."

"आन् तिनं ऐकलं न्हाई तर?"

"तर पुन्हा लावीन. ती 'बराबर' म्हणेपर्यंत बूथवाल्याला शटर ओढू देणार न्हाई."

रस्त्यावरून जीपचा हॉर्न आला. प्रेमसिंग पागोटं हातात घेऊनच धावले. बाळापूरला पोचेपर्यंत सहा वाजणार होते, आणि तिकडे रविवारची सकाळ झालेली असणार होती. सोमवार यायला अजून अख्खा एक दिवस होता.