वरच्या मजल्यावरच्या भाकऱ्या

"चाळीस मिनिटं! अख्ख्या दिवसात फक्त चाळीस मिनिटं!" मी कॉम्प्युटरचा स्क्रीन महादेवीकडं वळवला. तिनं मान खाली घातली.

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. म्हणजे कानाची ऐकण्याची ताकद तपासणारी आणि कमी ऐकू येणाऱ्यांना श्रवणयंत्र बसवून देणारी. कलबुर्गीत माझं क्लिनिक आहे. आमच्याकडं श्रवणयंत्राला सगळे 'मशीन'च म्हणतात. आजकालच्या मशीनमध्ये ते रोज किती वेळ चालू होतं याची नोंद राहते. महादेवीच्या मुलीची, शिवलीलाची, नोंद माझ्यासमोर होती. पोर साडेतीन वर्षांची. दोन्ही कानांत मशीन बसवून दोन महिने झालेले. या वयात मुलानं जागेपणी सगळा वेळ ऐकलं, तर बोलणं येतं. ही वर्षं हातची गेली की पुढं फार अवघड जातं.

"घरी घालायलीस का न्हाई?"

"घालायले मॅडम. पर पाच मिनिटात काढून फेकायली. रडायली."

"मग परत घालायचं. आईनंच कंटाळा केला तर कसं व्हायचं?"

जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "वरच्या घरातनं लई आवाज येतोय मॅडम." मला ते निमित्त वाटलं. आवाज कुणाच्या घरात नसतो?

दोन आठवड्यांनी थेरपी संपल्यावर ती पुन्हा माझ्या खोलीत आली ती निरोप घ्यायलाच.

"आम्ही घर सोडायलाव. दुबलगुंडीला परत जायलाव."

मग तिला बसवून सगळं विचारलं. मुलीच्या ऐकण्या-बोलण्याच्या थेरपीसाठी तिनं कलबुर्गीत एका अपार्टमेंटमध्ये फ्लॅट भाड्यानं घेतला होता. नवरा हुमनाबादला टायरच्या दुकानात कामाला, रविवारी यायचा. तिच्या बरोब्बर वरच्या फ्लॅटमध्ये नीलम्मा नावाच्या बाईंचा कडक भाकरीचा धंदा. सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत सहा बायका भाकरी थापायच्या. महादेवीनं अपार्टमेंटच्या मॅनेजरला चारदा सांगितलं. अर्ज लिहून दिला. नंतर मॅनेजरनं तिचा फोन उचलणंच सोडलं. घरमालक परगावी. तो म्हणाला, जमत नसेल तर सोडा.

गावी गेल्यावर आठवड्यातून दोनदा थेरपीला येणं होणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं. मलाही.

मी स्वतः मॅनेजरला फोन लावला.

"बघतो मॅडम."

"अर्ज कुठंय?"

"फाइलीत असंल की."

"वरच्या बाईंशी बोललात?"

"सांगितलंय. ऐकायले न्हाईत."

गुरुवारी सकाळचे पेशंट पुढं ढकलले आणि मी महादेवीच्या घरी गेले. वरून थाप-थाप, थाप-थाप चाललं होतं. खरं सांगायचं तर नुसत्या कानाला ते एवढं काही वाटलं नाही. घर सोडण्याइतकं तर मुळीच नाही.

मग मी बॅगेतून स्टेटोक्लिप काढली. ही डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपसारखी नळी असते. एक टोक मशीनला जोडायचं, दुसरं आपल्या कानात. मग मूल जे ऐकतं ते आपल्याला ऐकू येतं. शिवलीलाचं मशीन जोडलं आणि मी दचकले. प्रत्येक थाप म्हणजे कानाजवळ कुणी पत्र्याच्या दारावर लाथ मारावी तशी. मधे महादेवी काहीतरी बोलली, तिचा एक शब्द कळला नाही. मला अर्धं मिनिटसुद्धा नळी कानात ठेवता आली नाही. सकाळभर असा मार खाल्लेली पोर दुपारी शांत झाल्यावर तरी मशीन कशी घालू देईल?

या आईला मी दोन महिने रागावत होते.

चूक निम्मी माझीच होती. मशीन आवाज वाढवतं, पण मोठ्यातला मोठा आवाज किती ऐकू द्यायचा, ही मर्यादा आम्ही ठरवतो. ती मी साउंडप्रूफ खोलीत बसून ठरवली होती. पोर राहत होती सहा बायकांच्या भाकरीखाली.

"वर जाऊ या," मी म्हणाले.

"भांडण व्हईल मॅडम. तुमीच जावा."

नीलम्मांनी दार उघडलं तेव्हा कोपरापर्यंत पीठ होतं. माहेर सीमेवरच्या अफजलपूरकडचं, त्यामुळं मराठी येत होती.

"आता तुमी कोण? आमचं बी भाड्याचंच घर हाय. सा बायकांचं पोट हाय ह्याच्यावर."

"अक्का, मॅनेजरनं तुम्हाला काय सांगितलं?"

"खालच्यांना तरास व्हायलाय म्हणला. कशाचा, कामून, काय न्हाई. मला वाटलं, बाईला उशिरापस्तोर झोपायला पायजे."

"खाली साडेतीन वर्षांची पोरगी आहे. तिच्या कानात मशीन आहे."

नीलम्मांनी माझ्याकडं बघितलं. हात धुतले आणि त्या माझ्यामागं जिना उतरल्या.

शिवलीला आईच्या पदराआड गेली. मी नळी नीलम्मांच्या कानात घातली. वर बायकांचं काम चालूच होतं. पहिल्याच थापेला त्यांनी डोकं मागं घेतलं.

"अय्यो! ही आमची भाकरी?"

"व्हय अक्का," मी म्हणाले.

त्यांनी नळी काढली आणि त्या महादेवीकडं वळल्या. "वर यायचं न्हाई का गं? त्या मॅनेजरला कामून सांगत बसलीस?"

"भ्यायले अक्का."

"मला?"

"तुमी सा जणी. मी एकटी."

नीलम्मा खळखळून हसल्या. महादेवीला मात्र रडू फुटलं. मग आम्ही तिघी खालीच बसून बोललो. भाकरी थापायचे लाकडी पाट वर थेट फरशीवर होते, आणि ती फरशी म्हणजेच महादेवीचं छत. पाट मागच्या खोलीत, खाली महादेवीची न्हाणी येते तिथं, न्यायचे ठरले. पाटांखाली घालायला महादेवीच्या नवऱ्यानं दुकानातल्या जुन्या टायरच्या रबराचे तुकडे कापून आणले. मी मशीनची मर्यादा खाली आणली. आवाज बंद झाला नाही, पण सोसवेल असा झाला.

त्या महिन्यात नोंद सहा तासांवर गेली. पुढच्या महिन्यात नऊ. महादेवीनं घर सोडलं नाही. दुपारी काम उरकलं की नीलम्मा शिवलीलाला वर न्यायच्या आणि सहाही बायका तिच्याशी बोलत बसायच्या. एवढी थेरपी माझ्या क्लिनिकमध्ये कुठून मिळणार?

तिचा पहिला स्पष्ट शब्द 'आई' नव्हता, 'अप्पा'ही नव्हता. ती म्हणाली, "रोट्टी." नीलम्मांच्या कानडीतला शब्द, म्हणजे भाकरी. महादेवीला जरा लागलं. मी फाइलमध्ये आनंदानं लिहून ठेवला.

काही महिन्यांनी मॅनेजरचा आपणहून फोन आला. "मॅडम, तो अर्ज सापडला. काय करायचं?"

"असू द्या फाइलीत," मी म्हणाले.

आता माझ्या क्लिनिकमधल्या फॉर्मवर एक प्रश्न जास्तीचा आहे: घराच्या वर-खाली कोण राहतं आणि काय करतं? आईला रागावण्याआधी मी तो विचारते. त्यानंतर रागावण्याचं कारण सहसा उरत नाही.