पाचवी झेंडी ते सहावी झेंडी

संयोगिताला एक वाईट खोड होती. घरी पावणं आलं की पाण्याचा तांब्या पुढं करायच्या आधी ही विचारणार, "कुठल्या रस्त्यानं आलासा? आणि तिकडनंच का?" नवरा कपाळाला हात लावायचा. "अगं, टेकू तर दे त्यांला!" पण जित्याची खोड ती, जातेय कुठं?

वय बेचाळीस. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात ती ओतीव भाग तपासायची. माप लावायचं, पास नाहीतर बाद. डोंगरात पळायचा नाद लागला तोही उशिरा, आणि पळण्यात बाई काही तेज नव्हती. नंबर हमखास मागच्या दहात. पण एक शर्यत असते, तिच्यात वाट आखलेलीच नसते. झेंड्या कुठं आहेत तेवढं नकाशावर दाखवतात, वाट ज्याची त्यानं शोधायची. त्या शर्यतीत भलेभले पळणारे भरकटले, ही एकदाही चुकली नाही. म्हणून यंदा गगनबावड्याच्या शर्यतीची आखणी पळणाऱ्यांच्या क्लबच्या मृत्युंजयनं हिच्याच गळ्यात मारली.

झेंड्या नऊ. बाकीची सात ठिकाणं तिनं दोन रविवारांत ठरवून टाकली. जीव अडकला होता तो पाचवी आणि सहावीच्या मधे. पाचवी वर सड्याच्या, म्हणजे कातळपठाराच्या, कडेला, सहावी खाली ओढ्याला, आणि मधे देवराई. सड्यावरनं वळसा घातला तर बावीस मिनिटं. देवराईतनं सरळ उतरलं तर चौदा. पण झाडी बाहेरनं अशी दाट दिसायची की दहातले नऊ जण वळसाच घेणार. दहावा आत का शिरतो, हे तिला बघायचं होतं. सगळी शर्यत एकीकडं आणि हे कोडं एकीकडं.

देवराईला दिवा लावायचा मान चिमणाबाईंच्या घराचा. चिमणाबाई नको म्हणाल्या की गाव नको म्हणणार, आणि गाव नको म्हणालं की कोडं खलास. त्यात संयोगितानं आधीच घोळ घालून ठेवला होता. आठ दिवसांपूर्वी वेळ मोजताना ती वरच्या अंगानं आत घुसली. निम्म्यात आल्यावर शेंदूर फासलेले दगड दिसले, तेव्हा कळलं आपण कुठं उभ्या आहोत. पायात बूट. हातात चालू घड्याळ. बाई तशीच पळाली पुढं! कुणी बघितलं नव्हतं, पण ते दगड काही तिच्या डोळ्यांपुढनं हलत नव्हते.

संयोगिता पोचली तेव्हा चिमणाबाई घराच्या सोप्यात पावटे सोलत बसल्या होत्या. सत्तरी ओलांडलेली, आवाज मात्र खणखणीत.

"पावणं कुठलं?"

"कोल्हापूरचं, आज्जी." मग तिनं नकाशा पसरून सगळं सांगितलं.

म्हातारीनं नकाशा उलटासुलटा करून बघितला. "म्हंजे लोकं हितं चुकायला येणार, आणि ती कशी चुकत्यात ते तू बघणार? बरा हाय की उद्योग!" मग एकदम तिच्याकडं बघून म्हणाली, "आत जाऊन आलीस?"

नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.

"व्हय, आज्जी. बूट घालून गेले. चुकलंच माझं."

"ठाऊक हाय," चिमणाबाई म्हणाल्या, आणि पुढची शेंग सोलली. "सावलीतली माती वली असती. रोज दिवा लावायला जाते, रोज ते ठसे बघते. वरनं पळत आलीस. जांभळीपाशी उजवीकडं वळलीस, दहा पावलं गेलीस आणि परत फिरलीस."

संयोगिता गारच पडली. ती दहा पावलं तिनं वहीतसुद्धा लिहिली नव्हती. अख्खा जन्म ही दुसऱ्याच्या वाटा विचारत फिरली, आणि हिची वाट म्हातारीनं घरबसल्या सांगितली!

"मग देवापाशी थांबलीस. दोन्ही पाय जुळवून. टाचा चांगल्या रुतल्यात. आणि तितनं परत पळत सुटलीस." सोलणारे हात थांबले. "हात जोडलेस का न्हाई, तेवढं माती सांगत न्हाई बघ. आठ दिवस त्येच डोक्यात हाय माझ्या."

"न्हाई जोडले, आज्जी." तिला लाजेनं मान वर करवेना. "घड्याळ बघत होते."

 चिमणाबाई अशा हसल्या की मांडीवरचे पावटे सांडले. "जोडले म्हणाली असतीस तर आल्या पावली वाटंला लावली असती तुला! येऊ देत तुझी माणसं. पर पायातलं काढून. मग पळू देत न्हाईतर लोळू देत."

होकार मिळाला, पण संयोगिताच्या डोक्यात आकडे फिरायला लागले. अनवाणी? मग चौदाची तीस झाली तर? तर आतल्या वाटेला अर्थच उरला नाही, सगळेच वळसा घेणार. तिनं तसं बोलूनही दाखवलं.

"त्येला काय, बघू की मोजून," म्हणत म्हातारी उठलीसुद्धा.

पाचव्या झेंडीच्या जागी घड्याळ सुरू झालं. देवराईच्या तोंडाशी संयोगितानं बूट काढले, नाड्या बांधून गळ्यात अडकवले. चिमणाबाई तुरुतुरु पुढं, आणि मागनं ही आई गं, अगं बाई गं करत, खडा टोचला की एका पायावर नाचत. देवापाशी थांबून तिनं हात जोडले, चांगले डोळे मिटून. घड्याळ चालूच होतं. खाली ओढ्याला पाय धुतले, बूट चढवले, नाड्या आवळल्या, सहाव्या झेंडीच्या दगडाला हात लावला आणि घड्याळ बघितलं. वळशाच्या बावीसला अर्धं मिनिट कमी. तिनं पुसून पुन्हा बघितलं.

गावात येऊन रेंज मिळाल्या मिळाल्या तिनं मृत्युंजयला फोन लावला. "परवानगी मिळाली. देवराईत बूट काढायचे, नकाशावर ठळक छाप. अनवाणी साडेएकवीस मिनिटं."

"मग आता जवळची वाट कुठली म्हणायची?" त्यानं विचारलं.

"मला तरी कुठं ठाऊक हाय!" संयोगिता इतक्या आनंदानं ओरडली की गोठ्यातल्या म्हशीनं मान वळवून बघितलं.