चार दिवस थांब

चलनबदलीच्या त्या दुकानात तो सव्वीस वर्षं होता. सकाळी शटर वर गेलं की दारातल्या फळ्यावर डॉलरचा भाव लिहायचं काम त्याचं. गिऱ्हाइकांनी त्याला भावकाका हे नाव चिकटवलं होतं. "भावकाका, आज घेऊ की उद्या?" असं विचारल्याशिवाय कोणी खिशात हात घालत नसे, आणि त्याचा अंदाज सहसा चुकत नसे.

त्याची धाकटी बहीण नवरा गेल्यापासून शिवणकामावर घर चालवायची. तिची सात वर्षांची मुलगी जन्मतः बहिरी. लहानपणीच ऑपरेशन करून कानाच्या आत यंत्र बसवलं होतं. त्याचा बाहेरचा भाग कानामागे लावला की पोरीला ऐकू यायचं. बोलायलाही शिकली होती. "मामा" असं ठसक्यात म्हणायची की ऐकणाऱ्याला हसू यावं. एके दिवशी तो बाहेरचा भाग जळाला. दुरुस्ती होण्यासारखी नव्हती. नवा परदेशातून यायचा, सहा हजार डॉलरला, आणि पैसे आधी.

बहिणीने तिन्ही शिलाई मशिनी विकल्या, अंगावरचं सोनं मोडलं आणि दोन लाख चौसष्ट हजार पिशवीत घालून थेट दुकानात आली. फळ्यावर चव्वेचाळीस होते. पैसे बरोबर पुरत होते.

"दादा, देऊन टाक डॉलर."

बाहेर रांग लागली होती. महिन्यापूर्वी भाव चाळीस होता. देशात माल येत होता फार, बाहेर जात होता कमी. डॉलर सगळ्यांना हवे, विकायला कोणी नाही. पण असं झालं की मध्यवर्ती बँक आपल्या साठ्यातले डॉलर बाजारात सोडते आणि भाव खाली येतो, हे त्याने तीनदा डोळ्यांनी पाहिलं होतं.

"चार दिवस थांब," तो म्हणाला. "ही माणसं घाबरून घेतायत, म्हणून चढलाय. चाळीसवर आला की चोवीस हजार वाचतील. तुझी एक मशीन तरी परत येईल."

"नक्की ना?"

"आजवर चुकलोय का मी?"

ती पिशवी घेऊन घरी गेली.

बँकेचा साठा आटत आला होता, हे त्याला कुठून कळणार? रविवारी दुपारी बातम्यांत सांगितलं, की यापुढे बँक भाव धरून ठेवणार नाही. सोमवारी त्याने फळ्यावर एकसष्ट लिहिले. बहीण धापा टाकत आली. मालक म्हणाला, "आज विक्री बंद. माझ्याकडेच डॉलर नाहीत." ज्यांच्याकडे होते ते दाबून बसले होते. गुरुवारी विक्री सुरू झाली ती एकोणसत्तरने.

भावकाकाने आपली सत्तर हजारांची शिल्लक त्यात घातली. तरी चार हजार आठशे चाळीसच डॉलर हाती आले. तो यंत्राच्या कंपनीत जाऊन हातापाया पडला. तिथली बाई म्हणाली, "काका, आम्हालाही तिकडे डॉलरच मोजावे लागतात."

बहीण आता दुसऱ्याच्या दुकानात रोजावर शिवत होती. धागा महागला, दूध महागलं, खोलीचं भाडं वाढलं. उरलेले डॉलर जमणं तर दूरच, जमलेलेही टिकेनात. एका सकाळी ती त्याच्याच खिडकीसमोर रांगेत उभी राहिली आणि पन्नास डॉलरची नोट आत सरकवली.

"मोडायचेत."

"अगं, पोरीचे आहेत ते."

"पोरीला जेवायलाही लागतं."

तेव्हापासून ती महिन्यातून दोन-तीनदा येऊ लागली. दादा म्हणणं तिने सोडलं नव्हतं, पण त्या शब्दात आता काही उरलं नव्हतं. तो तिच्या घरी गेला की पोर धावत यायची, तोंडाकडे टक लावून बघायची. पहिल्या आठ महिन्यांतच तिचे शब्द झिजत गेले. आधी शेवट गेले, मग मधली अक्षरं. ती "आ-आ" म्हणायची आणि त्याला काय ते समजायचं.

"एकदा शिव्या तरी दे मला," तो बहिणीला म्हणाला.

ती हाताने कापडाला टीप घालत होती. तिने मान वर केली नाही. "देऊन काय होणार, दादा? भाव उतरणार आहे का?"

दुकानात आता कोणी विचारलंच, तर तो म्हणतो, "मला काही कळत नाही हो." लोकांना वाटतं, भावकाका मुद्दाम सांगत नाहीत.

असं करत तीन वर्षं गेली. गेल्या आठवड्यात बहिणीने शेवटची नोट मोडली.