कोस्टा रिका आणि निकाराग्वा यांतील फरक

हिमायतनगरच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात मी ग्राहकांना देशांची माहिती लिहून देतो. स्वतः अजून विमानात बसलेलो नाही. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला, त्यामुळे खुर्चीवर बसून लिहायचं काम मिळालं याचंच मला अप्रूप.

गेल्या वर्षी मलकपेठचे एक निवृत्त गृहस्थ पत्नीला घेऊन आले. म्हणाले, "मुलगी अमेरिकेत आहे. तिच्याकडे चाललोय, तिथून आठवडाभर कुठं जावं? कोस्टा रिका की निकाराग्वा? साफ लिहून द्या. हिला दमा आहे, तेवढं बघा."

"दमा मला, परेशान हे," बाई हसल्या. "मला ज्वालामुखी चढायचा नाही हो, नुसता बघायचाय."

तालुक्याच्या शाळेत 'फरक स्पष्ट करा' हा प्रश्न हमखास यायचा. सर दोन रकाने आखायला लावत. जो मुद्दा दोन्हीकडे लिहिता येत नाही तो गाळायचा, नाहीतर अर्धा गुण गेला. त्या शिस्तीनेच मी पदवीपर्यंत आलो. सरांचे उपकार विसरणार नाही.

मी तसेच रकाने आखले. कोस्टा रिका: राखलेली जंगलं, चांगले रस्ते, पण गर्दी आणि महागाई. निकाराग्वा: जुनी शहरं, भल्यामोठ्या तळ्यात दोन ज्वालामुखींचं बेट, गर्दी कमी, खर्च कमी. दवाखान्यांबद्दल कोस्टा रिकाचं सापडलं. त्या बेटाचं दिवसभर शोधूनही काही हाती लागलं नाही. तो मुद्दा मी खोडला आणि कागद पुन्हा स्वच्छ उतरवला.

त्यांनी निकाराग्वा निवडलं. बेटावर तिसऱ्या दिवशी बाईंना दम्याचा झटका आला. वारा सुटल्यामुळे बोटी बंद होत्या. तळ्यापलीकडच्या मोठ्या दवाखान्यात पोचायला दुसरा दिवस उजाडला. आता त्या घरातच असतात, ऑक्सिजनच्या मशीनजवळ.

विम्यासाठी आमचं पत्र हवं होतं, म्हणून गृहस्थ एकटेच आले तेव्हा हे कळलं. मला राहवलं नाही. खोडलेल्या मुद्द्याचं त्यांना सांगितलं.

त्यांनी विचारलं,

"बेटावर मोठा दवाखाना नाही, हे माहीत होतं तुम्हाला?"

"नाही. आहे की नाही, तेच कळलं नव्हतं."

"मग तेच लिहायचं ना, बाबू. माहीत नाही म्हणून."

मी पत्रावर शिक्का मारून दिला. त्यांनी ते घडी करून खिशात ठेवलं.

"हिला यातलं काही सांगू नका," उठताना ते म्हणाले. "ती अजून सगळ्यांना सांगते, ऑफिसातल्या पोरानं देश छान निवडून दिला."