वर्नाच्या तलावाचा तळ

अमेरिकेतल्या ट्यूसॉनमधल्या त्या लहानशा चर्चला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देण्याचं कुंड नव्हतं. अकरा वर्षं ईस्टरचे बाप्तिस्मे वर्ना स्ट्राउडच्या परसातल्या पोहण्याच्या तलावात होत. मिठाचं पाणी, मिठापासून क्लोरीन करणारं यंत्र, आणि रोज सकाळी कागदी पट्टी बुडवून पाहणारी वर्ना. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या बाईला तेवढाच एक अभिमान होता.

यंदा ईस्टर आठवड्यावर आला आणि पाणी हिरवट, गढूळ झालं. पट्टीवर क्लोरीन व्यवस्थित, तरी तळ दिसेना. शेजारच्या ओफेलियाची नातवंडं तिथे डुंबायला येत. रविवारी प्रार्थनेनंतर कॉफी घेताना वर्ना चारचौघींत म्हणाली, "नातवंडांना आधी बाथरूमला पाठवत जा गं, ओफेलिया. पाण्यातच उरकतात वाटतं."

बायका हसल्या. ओफेलियाने कप खाली ठेवला. "मग मारिसोलचा बाप्तिस्मा पुढच्या वर्षी बघू," म्हणाली आणि मारिसोलला, थोरल्या नातीला, घेऊन निघून गेली.

सोमवारी वर्ना बाटलीत पाणी घेऊन दुकानात गेली. दुकानदाराने ते तपासलं.

"बाई, क्लोरीन टिकवायची ती स्टॅबिलायझर पावडर किती घालता?"

"दर आठवड्याला मगभर. उन्हानं क्लोरीन उडतं ना."

"पाणी उडतं, हे उडत नाही. साठत राहतं. आता इतकं झालंय, की क्लोरीन असून नसल्यासारखं. अर्धं पाणी काढून नवं भरा."

वर्नाचे कान तापले. मगभर, दर आठवड्याला, स्वतःच्याच हातानं.

पाणी उपसायला लावून ती ओफेलियाच्या दाराशी गेली. ओफेलियाचे हात मक्याच्या पिठाने भरलेले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला एकटीला काय सांगतेस? बोलली होतीस ती सगळ्यांसमोर."

त्या आठवड्यात वर्नाच्या तोंडी प्रार्थनेचे शब्द येत आणि अर्ध्यावरच थांबत.

ईस्टरला पाणी नितळ होतं. पास्टर पाण्यात उतरण्याआधी वर्ना काठावर उभी राहिली. "पाणी मी बिघडवलं होतं. नाव मुलांचं घेतलं. चुकले." या वेळी कुणी हसलं नाही. तेच तिला जास्त लागलं.

ओफेलियाबरोबर येऊन मागे उभी राहिलेली मारिसोल आजीकडे पाहत होती. ओफेलियाने होकाराची मान डोलावली. पोर पायऱ्या उतरली.

भिजून वर येणाऱ्याला टॉवेल वर्नानेच गुंडाळायचा, ही अकरा वर्षांची रीत. तिने टॉवेल ओफेलियाच्या हाती दिला आणि मागे सरली. खाली तळाची एकेक फरशी दिसत होती. वर्नाला मात्र वर, कुणाच्या तोंडाकडे पाहवेना.