एकशे दहावर लावलेला चार्जर

विश्वनाथ देवस्थळींचं स्वरयंत्र कर्करोगामुळे काढून टाकलं, तेव्हापासून ते टॉर्चएवढं एक यंत्र गळ्याशी धरून बोलत. यंत्र कातडीखाली गुणगुणे आणि ओठ त्या गुणगुणीचे शब्द करत. आवाज सपाट, धातूचा. राग आणि माया त्यात एकाच उंचीवर. शेजारचे ग्रेवाल म्हणत, "देवस्थळीजी, आता आकाशवाणीचं लायसन्स काढा." विश्वनाथ हसत. हसायला यंत्र लागत नसे.

अमेरिकेतली मुलगी, कश्मिरा, हसत नसे. फोनवर तो आवाज आला की लगेच म्हणे, "बाबा, आईला द्या ना." ऑपरेशननंतर तिनं त्यांना पाहिलंच नव्हतं. समोरासमोर बसावं, हा आवाज तिच्या कानाला बापाचा वाटू लागावा, एवढ्यासाठी ते अमेरिकेला निघाले होते. धबधबे पाहण्याची हौस त्यांच्या बायकोची, मीनाक्षीबाईंची.

यंत्राची बॅटरी भरायच्या चार्जरवर मागे एक बारीक बटण होतं: एका बाजूला इथल्या विजेचे दोनशे तीस व्होल्ट, दुसऱ्या बाजूला अमेरिकेतले एकशे दहा. चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेत विश्वनाथांनी आयुष्य काढलं, तिथं एक रीत होती. परदेशी पाठवायचं उपकरण आधीच त्या देशातल्या विजेवर लावायचं आणि बटणावर लाल रंगाचा थेंब टाकायचा. मग त्याला कुणी हात लावायचा नाही. निघण्याच्या आदल्या दुपारी त्यांनी चार्जर एकशे दहावर नेला, थेंब टाकला आणि केस कापायला गेले.

मीनाक्षीबाईंना तो थेंब ओळखीचा होता. त्यांनी बटणाला हात लावला नाही. प्रवासात बॅटरी भरलेली असावी म्हणून जादाची बॅटरी त्यात बसवली आणि चार्जर रोजच्या सॉकेटमध्ये खोचला.

विश्वनाथ परतले तेव्हा घरात जळका वास होता.

"लाल रंग होता ना," मीनाक्षीबाई म्हणाल्या. "मला वाटलं, बरोबर करून ठेवलंय."

"बरोबरच होतं. तिथल्यासाठी."

"मग इथंच कशाला केलं?"

विश्वनाथांनी चार्जर सॉकेटमधून काढून पाहिला. चार्जर गेला, त्यातली बॅटरीही गेली. यंत्रातल्या बॅटरीत थोडीच जान उरली होती. असा चार्जर चंदीगडच्या बाजारात मिळत नसे. कश्मिरानं आजच मागवला, तरच तिच्या घरी पोचल्यावर बोलता येणार होतं.

"मी सांगते तिला," मीनाक्षीबाई म्हणाल्या.

"काय सांगशील? चार्जर हवा. कुठला?"

विश्वनाथांनी स्वतःच नंबर फिरवला. तिकडे सकाळ होती. हॅलोनंतर त्यांनी तिला बोलूच दिलं नाही. "चार्जर जळला. नवा मागव. सांगतो ते लिही."

पलीकडे कागद चाळवले. मग, "रुको बाबा, पेन लेती हूँ."

त्यांनी कंपनीचं नाव सांगितलं, बॅटरीचे व्होल्ट सांगितले. "मागे शंभर ते दोनशे चाळीस लिहिलेलं बघ. म्हणजे तिथंही चालेल, इथंही. बटणवाला नको."

"दोनशे चाळीस. बटणवाला नको. अजून?"

"दोन बॅटऱ्या."

"काय? नीट ऐकू नाही आलं. परत बोला ना."

ते परत बोलले. ती दर शब्द परत म्हणून दाखवत होती, चुकला तर पुन्हा विचारत होती. यंत्राचा आवाज बारीक होत गेला आणि एका शब्दाच्या मध्यावर थांबला. मीनाक्षीबाईंनी रिसीव्हरसाठी हात पुढे केला. विश्वनाथांनी तो दिला नाही.

"बाबा? बॅटरी गेली का?" कश्मिरा म्हणाली. "असू दे. मी बोलते. इथं थंडी खूप आहे, तुमचा तो तपकिरी स्वेटर पुरणार नाही..."

ते कान लावून उभे राहिले.